लांबच्याला शिरियस सांगायचं

आठवीच्या इंग्रजीच्या पुस्तकात धड्याखाली 'सिरियस' या शब्दाचा एकच अर्थ दिलेला आहे, गंभीर. मला तो पुरेसा वाटत नाही. शिनोलीच्या बाजूला ज्या शाळेत मी शिकवते तिथे दरवर्षी या शब्दाला मी फळ्यावर चार वाक्यं देते. सिरियस मुलगा म्हणजे अभ्यासू, मस्तीत लक्ष नसलेला. सिरियस प्रश्न म्हणजे हसण्यावारी न्यायचा नाही असा. सिरियस आजार म्हणजे जिवावर बेतणारा. आणि चौथं वाक्य, 'आर यू सिरियस', म्हणजे खरंच का, चेष्टा तर करत नाहीस ना. मग समानार्थी शब्द. ज्या दिवशी मला माहेराहून फोन आला त्या दिवशी मी 'ग्रेव्ह' लिहिला आणि सांगितलं, याचाही अर्थ गंभीर, पण नाम म्हणून आला तर थडगं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, म्हणजे आधी गंभीर आणि मग थडगं का, बाई? सगळा वर्ग हसला आणि मीही हसले. असला योगायोग गोष्टीत आला असता तर मी नाक मुरडलं असतं, पण झालं तसंच.

पाचवा अर्थ मी फळ्यावर लिहीत नाही. तो शब्दकोशात नाही आणि पोरांना तो माझ्याइतकाच ठाऊक असतो.

आमच्या भागात माणूस गेला की जवळच्यांना 'गेला' म्हणून सांगतात आणि लांबच्यांना 'शिरियस आहे' म्हणून. मुंबईला नोकरीला असलेल्या मुलाला, लांब दिलेल्या लेकीला फोन जातो की शिरियस हाय, निघ. ऐकणाऱ्याला बहुतेक कळतं. पण बहुतेक आणि नक्की यांच्यामध्ये थोडी जागा उरते, आणि तेवढ्या जागेच्या आधारावर तो कपडे भरतो, गाडीत बसतो, तिकीट काढतो. घरापुढची माणसं दिसली की मग कुणी काही सांगायची गरज राहत नाही. आजाराच्या बाकी पायऱ्यांचे शब्दही असेच ठरलेले आहेत. 'बरं न्हाई' म्हणजे ताप-खोकला. 'जास्त झालंय' म्हणजे दवाखान्यात ठेवलंय, सवडीनं भेटून जा. 'शिरियस' ही शेवटची पायरी.

निमगाव सावा हे माझं माहेर. तिथे हे फोन करायचं काम माझ्या वडिलांकडे होतं. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो आणि गावही अण्णाच म्हणायचं. गावात फोन आला तो पहिल्यांदा आमच्या घरी, त्यामुळे हे काम त्यांच्या गळ्यात पडलं आणि मग कधी सुटलंच नाही. पुढे सगळ्यांच्या खिशात मोबाइल आले, तरी लोक स्वतःचा मोबाइल हातात घेऊन आमच्या ओट्यावर यायचे आणि म्हणायचे, अण्णा, तुमीच लावा. ते आधी आपण कोण ते सांगायचे, मग 'शिरियस हाय, निघ', आणि शेवटी न चुकता 'गाडी हळू चालव'. आवाज जराही हलायचा नाही. फोन झाल्यावर मात्र बराच वेळ कुणाशी बोलायचे नाहीत.

जवळचा कोण आणि लांबचा कोण, हे कसं ठरवायचं असं मी लहानपणी त्यांना विचारलं होतं. तालुक्यातला तो जवळचा, तालुक्याबाहेरचा तो लांबचा, असं त्यांनी सांगितलं. शेजारच्या तालुक्याचं काय, हे मी विचारलं नाही. आपण जुन्नरमधून आंबेगावात नांदायला जाणार आहोत हे तेव्हा मला काय माहीत!

आई गेली तेव्हा मी पुण्यात वसतिगृहात राहून बी.एड. करत होते. फोन अण्णांनीच केला. तेच शब्द, तोच आवाज. पाचवा अर्थ मला चांगला माहीत होता, पण तो दुसऱ्यांच्या आयांसाठी आहे असं मी धरून चालले होते. तिला बरं नव्हतं हे खरंच होतं. मी एस.टी.त बसून हिशेब मांडला की आता सलाईन लावलं असेल, दोन दिवसांनी घरी सोडतील, मग मी आठवडाभर रजा काढीन. नारायणगावच्या स्टँडवर उतरून मी तिच्यासाठी मोसंबी घेतली. चांगली दाबून, निवडून घेतली. घरापुढची गर्दी दिसली तेव्हा ती पिशवी माझ्या हातात होती. आईला पाहिलं तेव्हाही हातातच होती. कुणीतरी माझी बोटं सोडवून ती काढून घेतली.

तेरावं होईपर्यंत मी गप्प राहिले आणि मग अण्णांशी भांडले. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, म्हटलं. रस्ताभर मला आशेवर ठेवलंत. ते म्हणाले, "तू एकटी व्हतीस यष्टीत. तितं तुला कोण धरणार व्हतं?" मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. माझं रडणं कधी सुरू व्हावं हे दुसऱ्यानं का ठरवायचं? मी त्यांच्याकडून वचन घेतलं की यापुढे मला जे असेल ते सांगायचं, मी कुठंही असले तरी. त्यांनी ते पाळलं. काही वर्षांनी काका गेला तेव्हा मी शिनोलीत होते. अण्णा फोनवर 'काका गेला' एवढंच म्हणाले आणि त्यांचा आवाज मी पहिल्यांदा फुटताना ऐकला.

तर त्या दिवशी आठवीचा तास संपवून मी स्टाफरूममध्ये आले आणि फोन वाजला. काकाचा मुलगा, माझा चुलतभाऊ. तो गावातच शेती करतो आणि अण्णांचं दुखणंखुपणं तोच बघायचा. म्हणाला, "ताई, अण्णा शिरियस हायेत. निघ. दाजींना संगं घे." मी काही विचारायच्या आत फोन बंद झाला.

मी उभीच राहिले. वचन अण्णांनी दिलं होतं, याने नव्हे. याला ते माहीत तरी होतं का? आणि फोन कसे करायचे हे तर तो अण्णांच्याच ओट्यावर बसून शिकला होता. 'दाजींना संगं घे' हे काय होतं? आजारी माणसाला भेटायला जाताना नवरा सोबत कशाला लागतो?

मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा लावला तर बिझी. हे मी आमच्या ओट्यावर पाहिलेलं होतं. एकदा सांगून झालं की उलटा आलेला फोन उचलायचा नसतो, कारण दुसऱ्यांदा तेच बोलणं जमत नाही. नवरा कामासाठी पुण्याला गेला होता. त्याला फोन करून मी चुलतभावाचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. नेहमी हा माणूस साध्या सर्दीला दहा प्रश्न विचारतो. आता त्याने एकही विचारला नाही. तू हो पुढे, मी परस्पर येतो, एवढंच म्हणाला.

स्टाफरूमला तर कोणीही काही सांगायची गरज पडली नाही. मुख्याध्यापकांनी स्वतः उठून माझी पर्स आणून दिली आणि रजेचा अर्ज नंतर बघू म्हणाले. शेजारी बसणाऱ्या बाईंनी आपला डबा उघडून माझ्यापुढे सरकवला. दोन घास खाऊन घ्या, नंतर कुठं मिळणार आहे, म्हणाल्या. त्यांच्या ध्यानात आलं नाही, पण माझ्या आलं. चूल कोणत्या घरात पेटत नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं. मला त्या चांगल्या बाईंचा इतका राग आला की मी डबा झाकला आणि पाणीही न पिता बाहेर पडले.

घोडेगावपर्यंत जीप मिळाली, पुढे मंचरला दुसरी. जीपमध्ये एक ओळखीची बाई होती. कुठं निघालात, तिने विचारलं. वडील शिरियस आहेत, मी म्हटलं, आणि ते शब्द तोंडातून बाहेर पडताच मला कळलं की मीही ते त्याच सुरात बोलले. बाईने पदर तोंडाला लावला. ड्रायव्हरने न सांगता गाणं बंद केलं. मला ओरडून सांगावंसं वाटलं की अहो, हा शब्द आजाराचा आहे, याचा अर्थ माणूस अजून आहे. सकाळीच तर मी तो फळ्यावर लिहिला होता. पण सगळ्या जीपमध्ये त्या अर्थावर विश्वास ठेवणारी मी एकटीच होते, आणि माझाही कितपत होता ते मला सांगता येणार नाही.

मंचरच्या स्टँडबाहेर मोसंब्यांची गाडी होती. फळवाल्याने दोन मोसंबी माझ्यापुढे धरली, ताजी आहेत म्हणाला. माझे पाय तिथेच अडकले. घेतली तर पुन्हा तसंच होईल, असं वाटलं. नाही घेतली तर मी आधीच हात झटकले, असं झालं. मी शाळेत पोरांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते. तरीही मी मोसंबी न घेता एस.टी.त चढले आणि खिडकीतून त्या गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही.

एक खात्रीचा प्रश्न मला माहीत होता. अण्णांनीच कधीतरी सांगितला होता. खरं काय ते कळून घ्यायचं असेल तर 'कसे आहेत' असं विचारायचं नाही, 'कुठं येऊ' असं विचारायचं. दवाखान्यात ये म्हणाले तर जीव आहे. घरी ये म्हणाले तर संपलं. फोन हातात घेऊन मी तो प्रश्न कळंबचा पूल मागे पडेपर्यंत विचारला नाही. विचारला की उत्तर येणार होतं. इतकी वर्षं मी ज्या जागेवर चिडले होते, बहुतेक आणि नक्की यांच्यामधली ती जागा, तिथून मला हलायचं नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला अण्णांच्या बाजूचं थोडंसं समजलं, आणि समजलं म्हणून मी आणखी चिडले.

शेवटी लावला. या खेपेस त्याने उचलला. मागे वर्दळीचा आवाज होता, बायकांचे आवाज होते. मी म्हटलं, कुठं येऊ?

तो म्हणाला, "नारायणगावच्या ष्टँडवर उतर. मी येतो न्यायला."

दवाखाना नाही आणि घरही नाही. दवाखाने नारायणगावातच आहेत, पण आमच्या गावाकडे वळायचं तेही नारायणगावातूनच. मी त्याला पुढे काही विचारलं नाही. स्टँड येईपर्यंत समोरच्या सीटची दांडी घट्ट धरून बसले.

तो मोटारसायकल घेऊन उभा होता. दाढी वाढलेली, डोळे लाल. माझ्याकडे त्याने नीट पाहिलं नाही. बस, म्हणाला. मी मागे बसले. स्टँडबाहेरचा रस्ता दवाखान्याला आणि गावाला सारखाच आहे. टोमॅटोचे क्रेट भरलेले टेम्पो वाट अडवून उभे होते, त्यांच्यामधून तो गाडी काढत होता. पुढे चौक होता. सरळ गेला तर गाव, डावीकडे वळला तर दवाखान्यांची गल्ली. मी त्याच्या उजव्या-डाव्या खांद्यांकडे बघत होते. चौकात तो थांबला. एक ट्रक जाऊ दिला. मग डावीकडे वळला.

मी त्याच्या पाठीत बुक्की मारली, जोराने, दोनदा. त्याने गाडी बाजूला घेतली. मी भर रस्त्यावर रडत होते आणि त्याला शिव्या देत होते, की फोन का उचलला नाहीस, दाजींना संगं घे कशाला म्हणालास, सरळ का सांगितलं नाहीस. तो गोंधळून गेला होता. म्हणाला, "अगं, सरळच सांगितलं. डॉक्टर म्हणलं, पेशंट शिरियस हाय. म्या तेच सांगितलं." फोन उचलायला त्याला उसंत मिळाली नव्हती, रक्ताच्या बाटलीसाठी तो धावत होता. दाजी हवे होते ते सह्या आणि धावपळीला. स्टँडवर बोलावलं ते मला गल्लीत दवाखाना शोधत बसायला लागू नये म्हणून. त्याने तो शब्द अगदी पुस्तकातल्या अर्थाने वापरला होता, आणि शिनोलीपासून नारायणगावपर्यंत एकाही माणसाला तो कळला नव्हता.

डॉक्टरांनी मला दारातच गाठलं. तरुण होते, नीट बोलत होते. हृदय फार कमजोर झालंय, किडनीवरही ताण आलाय, म्हणाले. पेशंट सिरियस आहे. मग म्हणाले, कुणी लांब असेल तर बोलावून घ्या. शब्द तोच होता, पण या वेळी त्यात कुठं जागाच उरली नव्हती.

लांब होता तो माझा धाकटा भाऊ, बंगळूरला. त्याला अजून कुणीच काही कळवलं नव्हतं.

अण्णा पडद्याआडच्या खाटेवर होते, नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क. डोळे उघडे होते. मी हात धरला तर गार लागला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या दुसऱ्या हाताकडे. मास्क थोडा बाजूला करून म्हणाले, "मोसंबी न्हाई आणली?"

 गडबडीत राहिलं, असं काहीतरी पुटपुटले.

"शिरियस सांगितलं व्हय तुला." त्यांनी विचारलं नाही, सांगितलं. "म्या तर शब्द दिला व्हता."

तुम्ही पाळलात, मी म्हटलं. त्याने केला फोन, त्याला ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं झोपले. पण ते दम घेत होते. डोळे न उघडताच म्हणाले, "डॉक्टर काय म्हणतोय?"

आता माझी पाळी होती. जे असेल ते सांगायचं, हा हट्ट माझाच. त्यावरून मी या माणसाशी तेराव्याला भांडले होते. सत्य ऐकायचा हक्क कुणाला आहे आणि कुणाला नाही हे दुसऱ्यानं का ठरवायचं, असं मी मोठ्या तोंडाने म्हणाले होते. मी त्यांच्या हाताकडे बघत म्हटलं, "काही नाही, अण्णा. जरा जास्त झालंय इतकंच."

एक पायरी खालचा शब्द. त्यांच्या तोंडावर किंचित हसू आलं. साऱ्या गावाला ज्यांनी हे शब्द पुरवले त्यांच्यापुढे मी तो चालवायला गेले होते.

"पोराला काय कळवलंय?" त्यांनी विचारलं.

अजून काही नाही, मी म्हटलं. आता लावते. मग माझ्या लक्षात आलं की मला शब्दच नाही. 'जास्त झालंय' म्हटलं तर तो रविवारी येतो म्हणेल, आणि रविवार लांब होता. 'शिरियस' म्हटलं तर त्याला अण्णा गेले असंच वाटेल. तो एकटा गाडी घेऊन निघेल, रडत, सुसाट. 'अजून आहेत' म्हटलं तर तो विश्वास ठेवणार नाही, आपल्या घरी सगळेच असं म्हणतात. नंबर काढून मी तशीच बसले. चुलतभावाने फोन घेतला आणि पुन्हा माझ्या हातात दिला. त्यालाही सुचेना.

अण्णांनी हात पुढे केला. मी नाही म्हटलं, तुम्ही बोलू नका, डॉक्टरांनी बोलू नका सांगितलंय. त्यांनी हात मागे घेतला नाही. "लाव," म्हणाले.

मी लावला आणि स्पीकरवर ठेवून त्यांच्या तोंडाशी धरला. भाऊ ऑफिसात असावा, मागे माणसांची बोलणी ऐकू येत होती. हॅलो ताई, बोल, म्हणाला. अण्णांनी मास्क काढला. आधी आपण कोण ते सांगितलं, रीतीप्रमाणे. "अण्णा बोलतोय." मग दम घेतला. "मी शिरियस हाय. निघ."

तिकडे दार लागल्याचा आवाज आला आणि मागची बोलणी बंद झाली. तो शब्द तो लहानपणापासून ऐकत आला होता, याच आवाजात, आमच्याच ओट्यावर. पण जो शिरियस आहे त्यानेच तो सांगितल्याचं त्याने कधी ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "खरंच, अण्णा?"

"खरंच," अण्णा म्हणाले.

सकाळी फळ्यावर लिहिलेलं ते चौथं वाक्य. मला त्या खोलीत त्याची आठवण झाली आणि मी ओठ चावला. अण्णांचं अजून संपलं नव्हतं. मास्क परत लावायला मी हात नेला तर त्यांनी तो अडवला, फोनकडे तोंड वळवलं आणि शेवटचं वाक्य पुरं केलं. "गाडी हळू चालव. मी हाय."

भाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी पोचला. आल्या आल्या खाटेशी वाकला आणि त्यांचा हात धरून रडायला लागला. अण्णांनी त्याला रडू दिलं. मग मास्कच्या आतून काहीतरी विचारलं, ते त्याला कळलं नाही. मी कान नेला. ते विचारत होते, हळूच आलास ना?